पूजेच्या पायरीपर्यंत पाणी

"तांबटबाई, हा शुद्ध वेडेपणा आहे," जीपनं घाटाचं शेवटचं वळण घेतलं तसे सरगर साहेब म्हणाले. "धरण एक्क्याण्णव टक्के भरलंय, ऑगस्टची चौदा तारीख आहे, घाटमाथ्यावर काल एका दिवसात दीडशे मिलिमीटर पाऊस झालाय, आणि हे म्हणतात दारं बंद ठेवा! आज मी बैठकीत बोलणार. अगदी तोंडावर बोलणार."

"बोला सर. मी आहेच," मी म्हणाले.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, चांदणखोरे धरणाची शाखा अभियंता. धरणाच्या पाच दारांची जबाबदारी माझी आणि माझ्यावर देखरेख उपअभियंता सरगर साहेबांची. भिंतीवर मी एकटीच बाई, त्यामुळे मजुरापासून आमदारापर्यंत सगळे मला 'बाई' म्हणत. शाळेतली बाई समजून एकदोघांनी पोराच्या दाखल्याचंही विचारलं होतं.

धरण कुठल्या तारखेला किती भरलेलं असावं याची एक छापील सूची असते. पावसाळा संपत येईपर्यंत वरची थोडी जागा रिकामी ठेवायची, म्हणजे अचानक मोठा पाऊस आला तरी धरण तो पोटात घेतं. चौदा ऑगस्टला आमच्या सूचीत ब्याऐंशी टक्के होते. धरण काठोकाठ असताना मोठा पाऊस आला तर पाचही दारं एकदम उघडावी लागली असती. खाली चार किलोमीटरवर निंबवडे गाव आणि त्या गावाची नदीआळी, एकशेदहा घरं, नदीला अगदी खेटून. तिथे तासाभरात माणसाच्या छातीइतकं पाणी चढलं असतं. हे मी स्वतः टेप धरून, उंबरे मोजून काढलं होतं.

आणि हे सगळं चाललं होतं एका गुडघ्यापायी. सतरा तारखेला मंत्री जलपूजनाला येणार होते. आमच्याकडे भरलेल्या धरणाची ओटी भरतात. साडी, खण, नारळ पाण्याला वाहतात. त्यासाठी काठावर चौतीस दगडी पायऱ्या बांधलेल्या होत्या. मंत्र्यांचा गुडघा दुखत होता. आमदार अण्णा खटकाळ्यांनी त्यांना शब्द दिला होता की साहेब, एकसुद्धा पायरी उतरायला लावणार नाही, पाणीच वर येईल तुम्हाला भेटायला. पाणी अजून नऊ पायऱ्या खाली होतं. तेव्हा दारं घट्ट बंद ठेवून तीन दिवसांत ते वर आणायचं, अशी योजना होती.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात निंबवड्याचे सरपंच लिंबाजी बोडरे भेटले. टोपी हातात, कपाळावर घाम. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पानी सोडा थोडं थोडं. फरशी पूल बुडला तरी चालंल, आमी चार दिस वळसा घालून जाऊ. पर समदं एकदम आलं तर नदीआळी ऱ्हात न्हाई बगा."

"आत हेच सांगा ना, सरपंच."

"सांगतोच की. गावचा परश्न हाय."

आत जाता जाता तहसीलदार कुलथेही माझ्या कानाशी लागले. "बाई, हवामान खात्याची तार आलीय, मुसळधारेची शक्यता. तुमच्या साहेबांच्या कानावर घाला बरं का." मी मनात मोजलं. सरगर, लिंबाजी, कुलथे आणि मी. चौघं झालो. टेबलाभोवती बसणार होते सातजण. मी मोठ्या उमेदीनं आत गेले आणि इतिवृत्ताची वही पुढे ओढली. बैठकीचं लिखाण नेहमी माझ्याकडेच असायचं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी बाई होते.

कार्यकारी अभियंता खांबेटे साहेब अध्यक्षस्थानी बसले. माणूस सज्जन, कामात वाघ, कधी कुणाचा पैचा चहा न घेतलेला. त्यांच्या बैठकीची एक पद्धत होती. खुर्च्या हुद्द्याप्रमाणे मांडलेल्या असत. आधी साहेब बोलणार, मग त्यांच्या उजवीकडून हुद्द्याप्रमाणे एकेकाचं मत घेत खाली यायचं. त्यांना ही पद्धत फार लोकशाहीची वाटे. "मी प्रत्येकाला विचारतो," असं ते अभिमानानं सांगत, आणि ते खोटंही नव्हतं.

अण्णांनी सुरुवात केली. "हे बघा, वीस वर्षांत आपल्या धरणावर मंत्री आला नाही. सतराला येतोय. निंबवड्याचा पूल त्याच मांडवात जाहीर करून घेतो मी. फक्त पाणी वरच्या पायरीला लागलं पाहिजे. साहेबांनी खाली वाकून ओटी भरायची, फोटो, विषय संपला."

खांबेटे साहेबांनी चष्मा पुसला. "माझ्या मते फारसा धोका नाही. तीन दिवसांचा प्रश्न आहे. सूची ही शेवटी मार्गदर्शक असते. तरी पण मी प्रत्येकाला विचारतो. कुलथे साहेब?"

तहसीलदारांनी खिशातली तार चाचपली. काढली नाही. "साहेब तांत्रिक बाब बघतायत म्हटल्यावर महसूलची काय हरकत असणार?"

"पोलीस?"

"बंदोबस्त चोख आहे," फौजदार म्हणाले. त्यांना पाण्याचं विचारलंय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"सरगर?"

मी लेखणी थांबवून त्यांच्याकडे बघितलं. तोंडावर बोलणार होते ना! सरगर साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला आणि म्हणाले, "साहेबांशी सहमत आहे."

"सरपंच?"

लिंबाजींनी अण्णांकडे पाहिलं, मग पुलाकडे पाहिल्यासारखं खिडकीबाहेर पाहिलं. "मोठ्या मानसांनी इचार केलाय म्हंजी बराबरच आसंल. आमची काय हरकत न्हाई."

"बाई?"

आता खरं ते सांगते. मी त्या क्षणी काय म्हणाले, हे पुढचे चार महिने मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, एवढे अनुभवी लोक एका सुरात बोलतायत म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार. मापं चुकली असतील. मी घाबरट असेन. बाई आहे ना, घाबरते, असं म्हणतील. मी म्हणाले, "ठीक आहे, सर."

"छान. लिहा, सर्वानुमते ठरलं."

मी लिहू लागले. 'दिनांक १७ पर्यंत धरणाचे सर्व दरवाजे बंद ठेवण्याचे सर्वा' इथपर्यंत आले आणि हात अडला. या खोलीत येण्याआधी यातल्या तिघांनी मला उलटंच सांगितलं होतं. चौथी मी. मग हे सर्व म्हणजे नेमकं कोण? सातातल्या चौघांना जे पटलेलं नाही ते मी सर्वानुमते म्हणून स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहीत होते! मला इतका संताप आला, आणि तो आधी माझाच आला.

"सर, मी माझं मत बदलते," मी म्हणाले.

"अहो, आता लिहून झालं," खांबेटे साहेब हसले.

"अर्धंच झालंय. माझा विरोध आहे. दारं आजच उघडायला हवीत. थोडी थोडी, तीन दिवस. सरगर सर, तुम्ही जीपमध्ये हेच म्हणालात."

सरगर साहेबांचा चेहरा पडला. "मी? मी सर्वसाधारण चर्चा करत होतो."

"सरपंच, तुम्ही बाहेर काय म्हणालात मला?"

"न्हाई बा. म्या तसं काय बोललो न्हाई."

कुलथे साहेबांकडे मी वळले तर त्यांना एकदम खोकल्याची उबळ आली आणि ते पाणी प्यायला उठले. अण्णा मोठ्यानं हसले. "बाई, घरी नवऱ्याशी भांडून आलाय काय? सहा माणसं एका बाजूला, तुम्ही एकट्या. सगळं गाव एका बाजूला आणि मामलेदार एका बाजूला, तसलं चाललंय तुमचं."

टेबलाभोवती सगळे हसले. सरगर साहेबसुद्धा. त्या हसण्यानं माझी उरलीसुरली भीती पार गेली. रागावलेल्या माणसाला वाटतं तितकं आंधळं होता येत नाही. उलट त्याला बारीकसारीक गोष्टी लख्ख आठवतात. मला सूचीतलं शेवटचं पान आठवलं.

"सर, सूचीपेक्षा जास्त पाणी धरणात ठेवायचं असेल तर शाखा अभियंत्याला लेखी आदेश लागतो. तोंडी चालत नाही. तुम्ही लेखी द्या, मी आत्ता दारांना कुलूप लावते."



"लेखी कशाला?" खांबेटे साहेब म्हणाले. "निर्णय सर्वांचा आहे ना?"

"मग सर्वांनी सह्या करा." मी वही फिरवली आणि त्यांच्यापुढे सारली. "दारं बंद ठेवा. पाऊस आल्यास जबाबदारी आमची. एवढी एकच ओळ. मी लिहून ठेवते, तुम्ही फक्त सह्या करा."

वही टेबलावरून फिरली. अगदी पद्धतशीर फिरली, हुद्द्याप्रमाणे. खांबेटे साहेबांनी ती वाचून कुलथ्यांकडे दिली. कुलथे म्हणाले, हा पाटबंधारेचा विषय. फौजदारांनी पेन शोधलं आणि सापडूनही परत खिशात ठेवलं. सरगर साहेब म्हणाले, वरिष्ठांच्या आधी मी कशी करू? लिंबाजी म्हणाले, मला चष्म्याबिगर दिसत न्हाई. अण्णा तर उखडलेच. "मी कशाला सही करू? मी काय इंजिनीअर आहे?"

"हीच तर गोष्ट आहे अण्णा. मी आहे."

वही माझ्याकडे परत आली. एकही सही नाही. हो म्हणायला सहाजण होते, सही करायला कुत्रं नव्हतं. मी वही मिटली.

"बाई, बसा. आपण जेवून शांतपणे बोलू," खांबेटे साहेब समजुतीनं म्हणाले. ते खरंच शांतपणे बोलले असते. आणि जेवण झाल्यावर पुन्हा एकदा सगळ्यांचं एकमत झालं असतं.

"तुम्ही जेवा सर. बारा वाजलेत. लेखी आदेश नाही म्हणजे मला सूचीप्रमाणे वागावं लागणार." मी उठले.

"तांबट, ही बेशिस्त आहे," मागून त्यांचा आवाज आला. पहिल्यांदाच त्यांनी मला 'बाई' न म्हणता नावानं हाक मारली होती.

भिंतीवरच्या दारांच्या खोलीत इसाक मुजावर बसला होता. पंचविशीपासून दारं चालवणारा माणूस, आता पन्नाशीला आलेला. मी म्हणाले, "इसाकभाई, भोंगा वाजवा. तीन वेळा. निंबवड्याला फोन लावते मी. दोन नंबर आणि चार नंबर, एकेक फूट."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. "हुकूम कुनाचा, बाई?"

"सूचीचा. आणि खाली सही माझी."

"मग वाजवतो," तो म्हणाला, आणि उठला. दुसरं काही विचारलं नाही.

भोंग्याचा आवाज विश्रामगृहापर्यंत गेलाच. श्रावण असल्यामुळे मटणाला मुकलेली मंडळी तिथे डाळवांग्यावर समाधान मानत होती, ती हातात वाट्या घेऊन व्हरांड्यात आली, असं मला नंतर स्वयंपाक्यानं सांगितलं. मी मात्र खाली बघत होते. दाराखालून पाणी पांढरंफेक उसळलं आणि नदीच्या पात्रात पसरत गेलं. संध्याकाळपर्यंत निंबवड्याचा फरशी पूल बुडाला. एकाही उंबऱ्याला पाणी लागलं नाही.

सतरा तारखेला पाणी वरून मोजून तेविसाव्या पायरीवर होतं. मंत्र्यांनी वरूनच नारळ फेकला. तो पाण्यापर्यंत न जाता मधल्या पायरीवर फुटला आणि तोच फोटो दोन वर्तमानपत्रांत छापून आला. निंबवड्याचा पूल जाहीर झाला नाही. आणि पाऊस?

पाऊस आलाच नाही. ढग तीन दिवस घाटमाथ्यावर रेंगाळले आणि पुढे निघून गेले. त्या वर्षी धरण शेवटपर्यंत भरलं नाही. उन्हाळ्यात शेतीच्या पाण्याचं एक आवर्तन कमी झालं आणि लोकांनी माझ्या नावानं बोटं मोडली. निंबवड्याच्या बाया नदीवर धुणं धुताना मला बघून तोंड फिरवायच्या. मी सांगायला गेले नाही. काय सांगणार, की न आलेल्या पुरापासून मी तुम्हाला वाचवलं?

चौकशी लागली. आरोप, वरिष्ठांनी सर्वानुमते घेतलेल्या निर्णयाचा अवमान. डिसेंबरमध्ये त्याच विश्रामगृहात, त्याच टेबलाशी सगळे पुन्हा बसले. अण्णा तेवढे आले नाहीत. चौकशी अधिकारी देवस्थळी म्हणून होते, निवृत्तीला आलेले, कानाला यंत्र लावणारे. त्यांनी कागद सरळ केले. "जबाब घेऊ. खांबेटे, तुमच्यापासून—"

"सर, एक विनंती आहे," मी म्हणाले. "खालून सुरू करा."

"म्हणजे?"

"सगळ्यात लहान हुद्द्यापासून. साहेब आधी बोलले की बाकीच्यांचा जबाब मला आत्ताच तोंडपाठ आहे. तुमचा वेळ वाचेल."

देवस्थळींनी कानातलं यंत्र नीट केलं, जणू काही चुकीचं ऐकलं असावं. मग खांबेट्यांकडे पाहून म्हणाले, "हरकत नाही. सगळ्यात लहान कोण?"

सगळ्यात लहान इसाक होता. त्याला खुर्चीही नव्हती. तो दाराशी उभा होता.

"तुमचं काय म्हणणं? दारं उघडायची गरज होती?"

"सायेब, ती गरज बाईंनी काडली, म्या फकस्त हँडल फिरवलं," इसाक म्हणाला. "पर एक सांगतो. त्या दिशी सकाळी आठला सरपंचांचा टॅक्टर भिंतीवरनं वर माळाकडं गेला. ट्रॉलीत म्हातारी हुती, सूनबाई हुती, पोरं, हंडे-कळश्या आन् दोन म्हशी. तवाच मला वाटलं, आज पान्याचं कायतरी गडबड हाय."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"मला कुनी इचारलंच न्हाई."

खरं होतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं. मी त्याला फक्त हुकूम दिला होता.

सगळे लिंबाजींकडे बघायला लागले. ते म्हणाले, "आई आजारी हुती. सासुरवाडीला नेली."

"म्हशी घेऊन?" देवस्थळींनी विचारलं.

कोणी हसलं नाही. लिंबाजींनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मग ते बोलले ते कुणाकडेही न बघता.

"सायेब, बैठक अकराला हुती. मला सकाळीच ठावं हुतं, आपन 'हो' म्हननार. पुलाचं हुतं, अण्णा हुते, समदे सायेब बसनार. आपन तिथं 'न्हाई' म्हनू शकनार न्हाई, ही खातरी हुती. म्हनून आदी घरची मानसं वर नेऊन ठिवली."

"आणि बाकीची एकशेनऊ घरं?"

लिंबाजींनी मान हलवली. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की त्याची कीव करायला मला पुढे दहा वर्षं लागली.

मग जबाब वर सरकत गेले. सरगर साहेबांनी कबूल केलं की जीपमध्ये आपण बोललो होतो. कुलथ्यांनी ती तार काढून टेबलावर ठेवली. चार महिने तिची घडी मोडली नव्हती. शेवटी खांबेटे साहेब उरले. ते एकदम म्हातारे दिसत होते.

"मी प्रत्येकाला विचारलं होतं," ते हळू म्हणाले. "सगळे हो म्हणाले. मला वाटलं, यांना पटलंय म्हणजे माझीच शंका फुकटची आहे."

"म्हणजे तुम्हालाही शंका होती?"

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

देवस्थळी पुष्कळ वेळ लिहीत होते. मग माझ्याकडे वळले. "तांबटबाई, तांत्रिकदृष्ट्या तुमचं बरोबर होतं, असं मी लिहीन. पण भर बैठकीतून उठून जाणं, वरिष्ठांना न जुमानणं, याचा ठपका ठेवावा लागेल. बदलीही होईल. मात्र तुम्ही दोन ओळींत दिलगिरी दिलीत तर मी ते सौम्य करू शकतो. शेवटी पाऊस आला नव्हता, हे तर मान्य कराल?"

"पाऊस आला नाही, हे मान्य. दिलगिरी देणार नाही."

"नीट विचार करा."

"सर, पाऊस आला असता तर मी शहाणी आणि नाही आला म्हणून मी बेशिस्त, हे मला मान्य नाही. मी दारं उघडली तेव्हा पाऊस येणार की नाही हे या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. सरपंचांनी तरी म्हशी हलवल्या. मी गाव हलवू शकत नव्हते, म्हणून पाणी हलवलं."

खांबेटे साहेबांनी मान वर केली. देवस्थळींनी पेन खाली ठेवलं. "मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय, आणि ते जसंच्या तसं नोंदवलं जाईल. पुन्हा अशीच वेळ आली तर तुम्ही पुन्हा असंच वागाल?"

"नाही," मी म्हणाले.

सरगर साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. देवस्थळींनी पेन पुन्हा उचललं.

"लिहा सर," मी म्हणाले. "पुन्हा वेळ आली तर बैठकीत 'ठीक आहे' म्हणण्यात वेळ घालवणार नाही. आधी दारं उघडीन, मग बैठकीला येईन."

त्यांनी जबाबाच्या वहीत शब्दन् शब्द लिहून घेतलं. मी खाली सही केली, तारीख घातली, आणि ती वही, या वेळी एक तरी सही असलेली, खांबेटे साहेबांपुढे सारली.